कौलाखालचे पाहुणे

कोकणातलं घर म्हातारं होऊन क्वचित पडतं; पडतं ते बंद राहून. चूल पेटत होती तोवर धूर माळ्यावरून वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडे. त्या धुराने वासे आणि रिपा कोरड्या राहत, किडीला थारा मिळत नसे. रोज केर काढणारीला भिंतीवर चढलेली वाळवीची मातकट रेघ दुसऱ्याच दिवशी दिसे आणि ती केरसुणीच्या एका फटक्यात उतरे. घराला कुलूप लागलं की हे सगळं थांबतं. माकडं कौलांवरून उड्या मारत जातात, एखादं कौल सरकतं, जूनमध्ये तिथून धार लागते. पाणी रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीत. ओल्या लाकडाचा माग वाळवीला बरोबर लागतो. तीन-चार पावसाळ्यांत आढं वाकतं आणि एक दिवस गावाहून फोन येतो, मागची पडवी बसली.

म्हणून गावचं घर सुटीच्या दिवसांत पर्यटकांना राहायला द्यावं, हा विचार आता चाकरमान्यांच्या बहुतेक कुटुंबांत एकदा तरी निघतोच. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि तारकर्ली, गुहागर, आंजर्ले, दिवेआगर ही नावं पुण्या-मुंबईकडच्या लोकांच्या तोंडात बसली. गिऱ्हाईक आहे. घर आहे. मग कुटुंबाची बैठक बसते आणि चर्चा नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. एसी कुठल्या कंपनीचा, अंगणात छोटा तरणतलाव बसेल का, पाटीवर नाव काय लिहायचं. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं पैसा पाहुण्याला न दिसणाऱ्या गोष्टींवर जायला हवा. कागद, छप्पर, पाणी, सांडपाणी आणि घर सांभाळणारं माणूस. एवढं जमलं तर बाकीचं पाहुणेच सुचवतात. हे जमलं नाही तर एसी चालू असलेल्या खोलीतही पाणी ठिबकतं.

कागदांपासून सुरुवात, कारण भांडणं तिथेच असतात. गावच्या घराचे कागद एका ठिकाणी नसतात. घराखालच्या जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे. घरपट्टीचा उतारा ग्रामपंचायतीत. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्याकडे. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणांतल्या घरांना अशा पत्रिका देण्याचं काम हाती घेण्यात आलं. कोकणात मात्र कितीतरी घरं गावठाणाबाहेर, नारळी-पोफळीच्या वाडीत आहेत, त्यांना सातबाराच पाहावा लागतो. घरपट्टी आपल्या काकांच्या नावाने निघते म्हणून घर काकांचं, हा समज सर्रास आढळतो आणि तो चूक आहे. तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा हे सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. सातबाऱ्यावर कधी पणजोबांचंच नाव असतं, कधी ‘इतर हक्कां’त एखाद्या कुळाचं नाव निघतं. वारसनोंदी दोन पिढ्या झालेल्या नसतात.

आणि वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. हिंदू वारसा कायदा १९५६चा. त्यात ९ सप्टेंबर २००५पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा प्रकरणातल्या निकालात स्पष्ट केलं. त्यामुळे घर दुरुस्त करून भाड्याने द्यायचं ठरवताना आत्या आणि बहिणी या केवळ ‘सांगायच्या’ व्यक्ती राहिलेल्या नाहीत. त्यांच्या सह्या लागतात. कुणाला आपला हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. चहाच्या कपाबरोबर तोंडी दिलेला होकार घरावर नवीन छप्पर चढल्यावर अनेकांना आठवत नाही.

वाटणी करायचीच असं मात्र नाही. घर एकत्र ठेवून आपसांत एक साधा करार केला तरी पुष्कळ निभतं. त्यात काय असावं याबद्दल वकील पैशांचं सांगतील, पण खरी अडचण पैशांची नसते. गणपतीत घर कोणाचं? भाद्रपदातले ते दिवस आणि शिमग्याला पालखी दारात येते ते दिवस पाहुण्यांसाठी बंद, हे वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर लाल रेघ मारून ठरवायला हवं, कारण मुंबईच्या चुलतभावाने मोबाइलवरून नोंदणी स्वीकारली आणि त्याच दिवशी ठाण्याचे काका गणपती घेऊन आले, तर तो प्रसंग कुठलाही करार सोडवू शकत नाही. दुसरा प्रश्न देवघराचा. माजघराला लागून देवघर असेल तर घरात मासे-मटण शिजवू द्यायचं का? मासे खायलाच कोकणात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं का? काही कुटुंबांनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून हा तिढा सोडवला, काहींनी देवघराचं दार लावून घेतलं, काहींनी शाकाहारी घर म्हणूनच नाव मिळवलं. तिन्ही चालतं. चालत नाही ते एवढंच, की हा निर्णय स्वयंपाक करणाऱ्या वहिनीने पाहुण्यांसमोर उभं राहून एकटीने घ्यायचा. दारूचंही तसंच. आणि मिळकतीतला ठरावीक भाग आधी घराच्या डागडुजीसाठी बाजूला, उरेल त्याची वाटणी, हे लिहून ठेवलेलं बरं.

आता छप्पर. आज आपण ज्याला कोकणी कौल समजतो ते मंगलोरी कौल तसं अलीकडचं. बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी ती सपाट कौलं जहाजांनी किनाराभर पसरली. त्याआधी नळीची कौलं असत, कुंभाराने चाकावर घडवलेली, अर्धगोल, एकावर एक पालथी-उताणी घातलेली. ती सरकत, म्हणून दर उन्हाळ्याच्या अखेरीस घर शाकारावं लागे: कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या, पुन्हा चढवायची. मंगलोरी कौलांना दरवर्षी एवढा खटाटोप लागत नाही, पण पावसाआधी एक फेरा लागतोच. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दीड हजार. त्यातली पाच-पन्नास दरवर्षी बदलावी लागतील हे गृहीत धरून जुन्या मापाची कौलं परसात रचून ठेवावीत. जुनी कौलं मोडलेल्या घरांतून विकत मिळतात, आणि नव्या मापाचं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही, हे प्रत्येक गवंडी सांगतो.

कौलं काढून पत्रा घालायचा मोह सगळ्यांना होतो. स्वस्त, झटपट, माकडांची कटकट नाही. मला तो पटत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि जुलैच्या रात्री पावसाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही; पाहुणा हे दोन्ही लक्षात ठेवून जातो. वादळाचाही धडा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या पट्ट्यात कौलं उडाली तशी पत्र्यांची छपरंही आख्खी उचलली गेली, आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. कौल एकेक बदलता येतं. पत्रा उडतो तेव्हा सांगाड्यासकट मुरगळून जातो आणि दुसऱ्याच्या बागेत पडतो. कौलांखाली पत्र्याचा थर देऊन वरून कौलं चढवण्याची मधली वाट हल्ली बरेच जण निवडतात. ती वाईट नाही, फक्त वासे ते जादा वजन पेलतील का हे आधी सुताराला दाखवावं. ऐन, किंजळ, फणस, सागवान, यांतलं कुठलं लाकूड कुठे वापरलंय हे जुन्या सुताराला बोट लावून कळतं. घराच्या दुरुस्तीत सर्वांत आधी त्याचा सल्ला विकत घ्यावा, वास्तुविशारदाचा नंतर.

एसीचा विषय इथेच निकालात काढू. कौलारू खोलीत एसी लावायचा तर खाली बंद छत हवं, नाहीतर थंड हवा फटींतून निघून जाते. आणि बंद छत केलं की वर काय चाललंय ते दिसेनासं होतं. गळती, उंदीर, वाळवी, सगळं त्या पांढऱ्या पाट्यांच्या मागे. एखादी खोली वातानुकूलित करायचीच असेल तर छताला चढून पाहता येईल अशी झडप ठेवा. बाकीच्या खोल्यांना मोठे पंखे, माळ्याला समोरासमोर झरोके, खिडक्यांना बारीक जाळी, एवढ्याने एप्रिलची रात्र निभते. खाऱ्या हवेत एसीचं बाहेरचं यंत्र लवकर गंजतं, हेही हिशेबात धरावं. त्याच कारणाने बिजागऱ्या, स्क्रू, कड्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या घ्याव्यात. साध्या लोखंडाचा गंज दोन पावसाळ्यांत चादरींवर उतरतो.

भिंतींबाबत एकच गोष्ट सांगायची, पण ती अनेकांना महागात पडली आहे. जांभा दगड सच्छिद्र. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने, हल्ली यंत्राने, चिरे पाडता येतात. हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश सर्जनाने केरळात अंगडीपुरमजवळ हा दगड पाहून १८०७ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, तेही घरं बांधायला लोक हे चिरे कसे कापतात ते पाहूनच. असा दगड पावसाळ्यात ओल पितो आणि हिवाळ्यात सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल तर ओल निघून जाते. ‘घर नवं दिसावं’ म्हणून वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात, भिंतीच्या पायथ्याशी मिठासारखे पांढरे क्षार फुलतात, आणि खोलीला तो कुबट वास लागतो जो कुठल्याही सुगंधी फवाऱ्याने जात नाही. चिरे उघडे ठेवा किंवा चुन्याचा गिलावा करा. शहरातून आलेल्या पाहुण्याला उघडा चिरा आवडतोच; तिथे काही न करणं हीच सुधारणा.

एका बाबतीत मात्र जुनं तसंच ठेवून चालणार नाही. पाहुणे रात्री कंदील घेऊन परसात जाणार नाहीत. खोलीला लागून स्वच्छ न्हाणीघर आणि शौचालय हवंच. ते जुन्या माजघराच्या पोटात खुपसू नये. लाकडी तुळया आणि मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतींजवळ रोजचं पाणी आणणं म्हणजे वाळवीला पान मांडणं. मागच्या पडवीला लागून, वेगळ्या पायावर, नव्या जोत्यावर ओळीने न्हाणीघरं बांधावीत आणि खोल्यांना त्या बाजूने दारं पाडावीत. म्हणजे ओलं काम एका रांगेत, नळ एका रांगेत, गळलं तर मुख्य घर सुरक्षित.

मैला जातो कुठे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सेप्टिक टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि जांभ्यात इतक्या भेगा-पोकळ्या असतात की ते बघता बघता दूर पोचतं. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर हवा, असं भारतीय मानक सांगतं. जांभ्याच्या जमिनीत मी त्याहून जास्तच ठेवीन, आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला, म्हणजे खालच्या अंगाला. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे तेही पाहावं. सहा माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली टाकी मे महिन्यात चौदा माणसांना पुरत नाही. शिवाय पाहुणे येणार म्हणून रोज भसाभस ओतलेलं फिनेल आणि ॲसिड टाकीतल्या जिवाणूंना मारतं, आणि मग वास सुटतो म्हणून आणखी फिनेल ओतलं जातं.

पाण्याचा हिशेब तर कागद-पेन्सिल घेऊन करण्यासारखा आहे. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पडणारं पाणी मोजलं तर तीन लाख लिटर भरतं. एवढं पाणी आपल्या पागोळ्यांवरून वाहून, गडग्याखालून पऱ्ह्याला मिळतं. ते पडतं जून ते सप्टेंबर, आणि घराला लागतं एप्रिल-मेमध्ये, नेमकं विहिरीचा तळ दिसतो तेव्हा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण. आठ पाहुणे धरले तर रोजचे हजार-अकराशे लिटर. चादरी, टॉवेल धुण्याचं वेगळं. उन्हाळ्यातले चाळीस दिवस घर भरलेलं राहणार असेल तर चाळीस-पंचेचाळीस हजार लिटर साठवून ठेवावे लागतील. म्हणजे पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटर खोल अशी टाकी. ती परसात जमिनीखाली करता येते, फेरोसिमेंटची जमिनीवरही बांधता येते. विहिरीचं पुनर्भरण करावं, जरूर करावं, पण जांभ्याची जमीन पाणी जितकं पटकन पिते तितकंच पटकन खाली ओढ्याला, खाडीला सोडून देते. ऑगस्टमध्ये जिरवलेलं पाणी मे महिन्यात आपल्याच विहिरीत सापडेल याचा भरवसा नाही. टाकीचा आहे. तरणतलावाची कल्पना अजून कुणाच्या डोक्यात असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

खोलीच्या आतलं काम सोपं आहे आणि त्याचा खर्चही थोडा. चांगली गादी. उशाशी दिव्याचं बटण आणि मोबाइलचा प्लग. मच्छरदाणी, कारण नारळीच्या बागेत डास असणारच. ओले कपडे वाळत घालायला पडवीत दोरी, पाय धुवायला अंगणात नळ, म्हणजे समुद्राची वाळू आत येत नाही. जुन्या घरांची दारं बुटकी आणि उंबरे उंच. चौकटीच्या वर रंगाचा ठळक पट्टा आणि शेजारी रात्रभर जळणारा छोटा दिवा ठेवला तर कपाळमोक्ष टळतो. विहिरीला कठडा आणि जाळी, माळ्याच्या जिन्याला कठडा. रात्री अंगणात जायला विजेरी, आणि गडग्यालगतचा पालापाचोळा साफ, कारण कोकणात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. प्रतिविष जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं, त्याचा फोन क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. पाहुणा घाबरेल अशी भीती काही मालकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे; सांगितलं की तो विजेरी घेऊन निघतो.

कोकणात माणसं वाडीच्या अदृश्य राखणदाराला वर्षातून एकदा राखण देतात. घराच्या हयात राखणदाराला मात्र दरमहा पगार द्यायला हात आखडतो, आणि बहुतेक घरं तिथेच मार खातात. ज्याच्याकडे किल्ली आहे, जो पाहुण्याचं सामान पाखाडीवरून उतरवून आणतो, जिच्या हातची आंबोळी आणि कुळथाचं पिठलं खाऊन पाहुणा पुढच्या वर्षी परत येतो, ती माणसं म्हणजेच तो धंदा. त्यांना ‘पाहुणे आले तर देऊ’ असं रोजावर ठेवलं तर घर पुन्हा अर्धं बंदच. पावसाळ्यातही दर दोन दिवसांनी दारं-खिडक्या उघडणं, गळतीखाली घमेलं ठेवणं, वाळवीची रेघ पाहणं, ही कामं पाहुणे नसतानाच करायची असतात. त्यांचा पगार बारा महिन्यांचा हवा.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे पाहिलं तर हे लख्ख दिसतं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलं, आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले तेव्हा गावात हॉटेल नव्हतंच. पाहुणे गावकऱ्यांच्या ओटीवर, पडवीत राहिले, घरात शिजलेलं जेवले. एसी नाही, तरणतलाव नाही. तरी मार्च-एप्रिलमध्ये जागा मिळवायला आधी फोन करावा लागतो. तिथे घर विकलं जात नाही, घरातल्या माणसांचा शेजार मिळतो. प्रत्येक गावाला कासवं नसतात हे खरं, पण आमराई, खाडीतली होडी, दशावतार, नमन-खेळे, जवळचा किल्ला, असं काहीतरी असतंच, आणि ते दाखवणारा माणूस गावातलाच लागतो.

सरकारी बाजू थोडक्यात. घर समुद्राजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, १८ जानेवारी २०१९ची अधिसूचना आधी पाहावी. कमी लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. तिथे नवं बांधकाम करून खोल्या वाढवण्याचा विचार करू नये. स्थानिकांना मात्र आहे त्या घरात, जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी रूप न बदलता पर्यटकांना ठेवण्याची मुभा त्याच अधिसूचनेत आहे. जुन्या घरांना याचा थेट फायदा होतो, पण मघाशी सांगितलेली न्हाणीघरांची रांग वाढवण्याआधी ही अट तपासायला हवी. राज्याच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, केंद्राचीही तशीच. केंद्राच्या योजनेत सहा खोल्या किंवा बारा खाटांपर्यंत मर्यादा आहे आणि मालकाचं कुटुंब त्या घरात राहत असावं अशी अट आहे. मुंबईत राहणाऱ्या मालकाला ती अडते. गावी राहणारा चुलतभाऊ हिस्सेदार असेल तर सुटते. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. वीजजोडणी घरगुती दराने चालेल की व्यावसायिक, हे महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावं.

आणि पैसे? समजा तीन खोल्या आहेत, न्याहारीसह भाडं २५०० रुपये. पावसाळा सोडला तर शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना मिळून वर्षाला साठ रात्री घर पूर्ण भरलं, असं धरू. सुरुवातीला एवढंही होणार नाही. उत्पन्न साडेचार लाख. घर सांभाळणाऱ्याला महिना बारा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. न्याहारी, गॅस, धुलाई खोलीमागे रात्रीला पाचशे, नव्वद हजार. निम्मी नोंदणी संकेतस्थळांवरून आली आणि त्यांनी १५ टक्के कापले तर चौतीस हजार. वीज, इंटरनेट, घरपट्टी चाळीस हजार. कौलं, चुना, वाळवीचं औषध, गाद्या-चादरी पंचाहत्तर हजार. उरले सदुसष्ट हजार. चार हिस्सेदारांत वाटले तर प्रत्येकी सतरा हजारांच्या आत-बाहेर.

या उरलेल्या पैशांतून बारा लाखांचं कर्ज फेडायचं तर व्याज सोडूनही अठरा वर्षं लागतील. म्हणून कर्ज काढून सगळं एका दमात करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. एका वर्षी छप्पर आणि एक न्हाणीघर, एक खोली सुरू. दुसऱ्या वर्षी टाकी. मग दुसरी खोली. कमाई म्हणून पाहिलं तर बँकेतली मुदतठेव बरी. पण वरच्या हिशेबातले ते पंचाहत्तर हजार आणि एक लाख चव्वेचाळीस हजार पुन्हा पाहा: हा घर जिवंत ठेवण्याचा खर्च आहे, आणि तो पाहुणे भरतायत. नाहीतर तो आपल्याला भरावा लागला असता, किंवा कुणीच भरला नसता.

घर द्यायचं मनात असेल तर पहिली फेरी दिवाळीत करू नका, तेव्हा सगळी घरं छान दिसतात. जुलैत जा, सलग दोन-तीन दिवस राहा, बरोबर खडू ठेवा. जिथे ठिबकतंय तिथे खालच्या जमिनीवर आणि वरच्या वाशावर खूण करा, भिंतीवर ओल किती उंच चढते तिथे रेघ मारा, विहिरीचं पाणी किती हातांवर आहे ते लिहून ठेवा. सगळ्याचे फोटो काढून आत्या-बहिणींसकट सर्व हिस्सेदारांना पाठवा, आणि बैठक त्या फोटोंवर बोलवा. एसीचा विषय कुणी काढला तर तो शेवटी घ्या.